सायबर वॉर, हॅक्टिव्हिझम की साधी चोरी? हल्ल्यामागचा हात कसा ओळखायचा

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणाव टोकाला गेला होता, तेव्हाचे व्हॉट्सॲप फॉरवर्ड आठवा. एक मेसेज सांगत होता, 'पाकिस्तानच्या सायबर हल्ल्यामुळे भारतातली ७० टक्के वीजयंत्रणा बंद पडली.' दुसरा सांगत होता, 'डान्स ऑफ द हिलरी नावाचा व्हिडिओ आला तर उघडू नका, फोन साफ होईल.' पहिला दावा खोटा असल्याचं पीआयबी फॅक्ट चेकने जाहीर केलं. दुसऱ्याचा पुरावा कुणालाच सापडला नाही. तसाच मेसेज नाव बदलून आधीही अनेक वर्षं फिरलेला आहे.

त्याच दिवसांत महाराष्ट्र सायबर विभागाने एक आकडा दिला: भारतातल्या वेबसाइट्सवर सुमारे १५ लाख सायबर हल्ले झाले, आणि त्यातले यशस्वी ठरले फक्त १५०. मथळ्यांमध्ये मात्र खोटा मेसेज, फसलेला प्रयत्न आणि खरा हल्ला या सगळ्यांना एकच नाव मिळालं, 'सायबर वॉर'.

असं सरसकट नाव देणं अडचणीचं का आहे, ते या लेखात बघू. हल्ल्याला आपण काय म्हणतो त्यावर पोलीस येणार की लष्कर लक्ष घालणार, विम्याचे पैसे मिळणार की नाही, आणि त्यात सामील झालेला कॉलेजचा मुलगा आंदोलक ठरणार की आरोपी, हे सगळं अवलंबून असतं.

हत्यार बघून काही कळत नाही

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सर्व्हरचे लॉग बघणं हा माझ्या कामाचा भाग. त्या लॉगमध्ये आयपी ॲड्रेस असतो, वेळ असते, कोणती फाइल मागितली ते असतं. मागणाऱ्याच्या मनात काय होतं, हा रकाना तिथे नसतो.

डीडॉस हल्ल्याचं उदाहरण घ्या. लोकलच्या तिकीट खिडकीवर हजार माणसं येऊन उभी राहिली आणि तिकीट न काढता नुसतं 'गाडी कधी आहे?' विचारत राहिली, तर खऱ्या प्रवाशाला तिकीट मिळणार नाही. खिडकी फुटलेली नाही, गल्ल्यातला पैसा गेलेला नाही, पण काम बंद. डीडॉसमध्ये वेबसाइटचं नेमकं हेच होतं. हजारो कॉम्प्युटर एकाच वेळी फालतू रिक्वेस्ट पाठवत राहतात आणि सर्व्हर गुदमरतो.

आता ही गर्दी कोण जमवू शकतं? 'पैसे द्या, नाहीतर साइट बंद ठेवतो' म्हणणारा खंडणीखोर. एखाद्या कंपनीचा निषेध करणारा गट. किंवा दुसऱ्या देशाच्या बँका ठप्प करू पाहणारं सरकार. तिघांची पद्धत एकच, लॉगमधल्या ओळीही जवळपास सारख्याच. म्हणून हल्ल्याचा प्रकार ठरवायला तीन प्रश्न विचारावे लागतात: कुणी केलं? कशासाठी केलं? आणि कुणाचं, किती नुकसान झालं?

पैशासाठी: सायबर गुन्हा

सगळ्यात जास्त प्रमाण याचंच. केवायसीच्या नावाने येणारी लिंक, डिजिटल अरेस्टचा कॉल, रॅन्समवेअर, हे सगळे याच खात्यात जातात. इथे उद्देश पैसा.

आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे पुण्याची कॉसमॉस बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डं वापरून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी. मग १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेतून जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण सुमारे ९४ कोटी.

हे जमलं कसं? आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की विनंती बँकेच्या 'स्विच' नावाच्या यंत्रणेकडे जाते. स्विच बँकेच्या मुख्य सिस्टीमला विचारतो, 'खात्यात पैसे आहेत का?' हल्लेखोरांनी मधेच स्वतःचा खोटा स्विच बसवला. तो मुख्य सिस्टीमला काही विचारतच नव्हता. प्रत्येक विनंतीला परस्पर 'हो, द्या' म्हणत होता. बाहेर ठिकठिकाणी माणसं बनावट कार्डं घेऊन उभीच होती. भारतातले पैसे काढणाऱ्या आणि त्यांना मदत करणाऱ्या ११ जणांना पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दोषी ठरवलं. कॉसमॉसची गोष्ट इथे संपत नाही, तिच्याकडे थोड्या वेळाने परत येऊ.

गुन्हेगाराची एक सवय लक्षात ठेवा. चोरी सुरू असताना तो गाजावाजा करत नाही, आणि काम झालं की गायब होतो. आवाज करतो तो फक्त खंडणी मागताना.

म्हणणं मांडण्यासाठी: हॅक्टिव्हिझम

हॅकिंग आणि ॲक्टिव्हिझम जोडून हा शब्द तयार झाला. इथे चोरीपेक्षा दिसणं महत्त्वाचं. हल्ला झाला हे जगाला कळलंच नाही, तर त्यांच्या दृष्टीने सगळं फुकट.

मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या. पुढच्याच महिन्यात मिलवर्म नावाच्या गटाने तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी केली, ईमेल पळवले आणि वेबसाइटवर अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र लावून चाचण्यांचा निषेध केला. हल्ला करणारी वेगवेगळ्या देशांतली किशोरवयीन मुलं होती. त्यांनी पैसे मागितले नाहीत. उलट पत्रकारांशी बोलून आपण हे का केलं ते सांगितलं.

डिसेंबर २०१० मध्ये विकिलीक्सला मिळणाऱ्या देणग्या पेपाल, व्हिसा आणि मास्टरकार्डने थांबवल्या, तेव्हा ॲनॉनिमस या नावाखाली हजारो लोकांनी त्यांच्या साइट्सवर डीडॉस केला. अनेकांनी त्यासाठी एक टूल स्वतःहून डाउनलोड केलं होतं. त्या टूलमध्ये स्वतःचा आयपी ॲड्रेस लपत नव्हता. अमेरिकेत त्यातल्या काहींवर खटले झाले. २०१२ मध्ये भारतात वेबसाइट ब्लॉक करण्याच्या विरोधात याच नावाने हल्ले झाले, आणि जूनमध्ये मुंबईसह अनेक शहरांत मुलं मुखवटे घालून रस्त्यावरही उतरली.

रस्त्यावरचं आंदोलन आणि सर्व्हरवरचा हल्ला यांत एक फरक आहे, तो आपल्या कायद्यात स्पष्ट आहे. परवानगीशिवाय कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये घुसणं किंवा त्याची सेवा बंद पाडणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू चांगला होता म्हणून वेगळं कलम नाही. म्हणजे हॅक्टिव्हिझम हा हेतू सांगणारा शब्द आहे, सुटकेचा दाखला नाही.

देशासाठी, देशाविरुद्ध: सायबर युद्ध

सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात कमी वेळा खरा ठरणारा शब्द हाच. युद्ध म्हणायला मागे सरकार हवं, आणि परिणामही युद्धासारखा हवा. एस्टोनियातल्या नाटोशी संलग्न केंद्राने आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तज्ज्ञांकडून 'टॅलिन मॅन्युअल' तयार करून घेतलं, ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात सायबर हल्ला कशाला म्हणायचं याची कसोटी आहे: माणसं जखमी होणं, मरणं किंवा वस्तूंचं नुकसान आणि नाश होणं अपेक्षित असेल अशी कारवाई. मॅन्युअल हा काही करार नाही, पण ही कसोटी उपयोगी आहे. तिच्यावर तोललं तर एखाद्या सरकारी साइटचं होमपेज बदलणं युद्ध ठरत नाही.

या कसोटीत बसणारं उदाहरण स्टक्सनेट. २०१० मध्ये हा मालवेअर सापडला. इराणच्या नतान्झ इथल्या केंद्रात युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रं फिरत होती. स्टक्सनेटने ती चालवणाऱ्या सीमेन्सच्या कंट्रोलरमध्ये शिरून यंत्रांचा वेग गुपचूप बदलला आणि ऑपरेटरच्या स्क्रीनवर मात्र सगळं ठीक असल्याचं दाखवलं. सुमारे हजार यंत्रं निकामी झाल्याचा अंदाज आहे. केंद्र इंटरनेटपासून तोडलेलं होतं, तरी पेन ड्राइव्हसारख्या मार्गाने तो आत पोचला. अमेरिका आणि इस्रायलने मिळून हे केल्याच्या सविस्तर बातम्या २०१२ मध्ये आल्या, पण दोघांनीही अधिकृतपणे कबूल केलेलं नाही.

आणि हेरगिरी? एका देशाने दुसऱ्याच्या मंत्रालयाचे ईमेल वाचले, तर मागे सरकार आहे, पण मोडतोड नाही. ते युद्धात मोडत नाही. देश एकमेकांवर फार पूर्वीपासून हेरगिरी करत आलेत, आता साधन बदललं.

मुखवटे: खरी गुंतागुंत इथे आहे

एवढं सोपं असतं तर लेख इथेच संपला असता. पण हल्लेखोर दुसऱ्याचे कपडे घालून येतात.

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या पसरला. सुरुवात युक्रेनमध्ये झाली. तिथे हिशोबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो आत शिरला. स्क्रीनवर मेसेज होता: ३०० डॉलरचे बिटकॉइन द्या, फाइल परत मिळतील. म्हणजे दिसायला साधं रॅन्समवेअर. पण त्याची रचनाच अशी होती की पैसे भरूनही फाइल परत मिळणं शक्य नव्हतं. खंडणीचा नुसता देखावा होता, काम होतं डेटा नष्ट करणं. पुढे अमेरिका आणि ब्रिटनने यासाठी रशियाच्या लष्कराला जबाबदार धरलं, आणि २०२० मध्ये अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर यंत्रणेच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. रशियाने आरोप नाकारले.

युक्रेनवर सोडलेली ही गोष्ट आपल्या दारातही आली. जहाज कंपनी मर्स्कचं जाळं ठप्प झालं आणि त्या समूहाचं नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनलही अडकलं. ज्या भांडणाशी उरणच्या ट्रक ड्रायव्हरचा काही संबंध नव्हता, त्यासाठी कंटेनर तिथे खोळंबले. मर्स्कला जवळपास ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले.

आता कॉसमॉसकडे परत या. दिसायला ती शंभर टक्के चोरी. पण उत्तर कोरियावरच्या निर्बंधांवर लक्ष ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात त्या देशाशी जोडलेल्या हल्ल्यांमध्ये कॉसमॉसचाही उल्लेख केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८.१ कोटी डॉलर पळवले गेले, त्यातही अमेरिकेने उत्तर कोरियाकडेच बोट दाखवलं. म्हणजे इथे उलटा प्रकार: नॉटपेट्यात सरकार गुन्हेगाराच्या वेशात आलं आणि नाश करून गेलं, तर इथे सरकारवरच बँक लुटल्याचा आरोप आहे.

तिसरा प्रकार म्हणजे सगळ्यांना युद्ध वाटलं आणि निघाली पोरं. २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या कंपनीवर मोठा डीडॉस झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स तासन्‌तास उघडेनात. अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे अनेकांना परक्या देशाचा संशय आला. हल्ल्यासाठी वापरलेलं मिराय बॉटनेट मात्र अमेरिकेतल्या तीन तरुणांनी बनवलं होतं, माइनक्राफ्टच्या सर्व्हर चालवणाऱ्यांच्या धंद्यातल्या स्पर्धेतून. त्याचा कोड त्यांनीच इंटरनेटवर टाकला. तो उचलून दुसऱ्याच कुणीतरी डिनवरचा हल्ला केला, आणि त्यात सामील असल्याची कबुली पुढे जिने दिली ती व्यक्ती तेव्हा अल्पवयीन होती. निशाणा होता प्लेस्टेशनचं नेटवर्क. नुकसान मोठं म्हणजे मागे देशच असणार, हा हिशोब चुकतो तो असा.

नावावर पैसे आणि निर्णय ठरतात

औषध कंपनी मर्कलाही नॉटपेट्याचा फटका बसला. कंपनीने सुमारे १४० कोटी डॉलरचा विमा मागितला. विमा कंपन्यांनी हात वर केले: पॉलिसीत युद्धातलं नुकसान वगळलेलं आहे, आणि हा तर रशियाचा हल्ला. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या न्यायालयाने मर्कच्या बाजूने निकाल दिला. त्या कलमाची भाषा पारंपरिक लष्करी युद्धासाठी आहे, ती इथे लागू होत नाही, असं म्हटलं. २०२३ मध्ये वरच्या न्यायालयानेही तेच कायम ठेवलं आणि जानेवारी २०२४ मध्ये उरलेल्या कंपन्यांशी तडजोड झाली. दरम्यान लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने मार्च २०२३ अखेरीपासून सायबर पॉलिसींमध्ये सरकारपुरस्कृत हल्ले स्पष्टपणे वगळायला लावले. आता हल्ल्यामागे कोण, या प्रश्नाच्या उत्तरावर कंपनी वाचणार की बुडणार हे ठरू शकतं.

मुंबईकरांना दुसरं उदाहरण आठवेल. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. काही महिन्यांनी एका अमेरिकन कंपनीचा अहवाल आला की चीनशी संबंधित गटाने भारताच्या वीजयंत्रणेत मालवेअर घुसवला आहे. राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देत घातपाताची शक्यता मांडली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र मानवी चुकीमुळे वीज गेल्याचं सांगितलं. आणि मूळ अहवाल लिहिणाऱ्या कंपनीनेही मालवेअर आणि वीज जाणं यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, असंच म्हटलं होतं. घुसखोरी खरी असू शकते आणि तरीही त्या दिवशीची वीज त्यामुळे गेलेली नसू शकते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण 'चीनने मुंबई बंद पाडली' हे वाक्य फॉरवर्ड करायला सोपं आहे.

यात तुम्ही कुठे आहात?

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनच्या सरकारने जगभरच्या लोकांना 'आयटी आर्मी'त सामील व्हायचं आवाहन केलं. टेलिग्रामवर रशियन साइट्सची यादी येऊ लागली. म्हणजे हॅक्टिव्हिस्टच्या हातात सरकारने दिलेली यादी. हे आंदोलन की युद्ध? रेषा पुसट होते ती इथे. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या सल्लागारांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा नागरी हॅकर्ससाठी आठ नियम मांडले. नागरी वस्तूंवर हल्ला नको, रुग्णालयांना हात लावायचा नाही, वगैरे. सोबत इशाराही दिला: लढाईत भाग घेणारा सामान्य माणूस नागरिक म्हणून मिळणारं संरक्षण गमावू शकतो.

आणखी एक गोष्ट झाली. मार्च २०२२ मध्ये सिस्कोच्या टॅलोस या संशोधन विभागाला टेलिग्रामवर एक टूल फिरताना दिसलं. जाहिरात होती 'रशियावर हल्ला करा', प्रत्यक्षात ते डाउनलोड करणाऱ्याचेच पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेटची माहिती चोरत होतं. देशभक्तीच्या नावाखाली चक्क चोरी.

म्हणून पुढच्या वेळी तणावाच्या दिवसांत 'हे ॲप इन्स्टॉल करा, शत्रूची साइट पाडूया' अशी लिंक ग्रुपवर आली, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आपल्या कायद्यात 'शत्रूची साइट चालेल' अशी सवलत नाही. आणि ती फाइल कुणी बनवली हे तुम्हाला माहीत नाही.

बाकी रोजच्या वापरासाठी एवढं पुरे:

• पैसे गेले, तर मागे कोणता देश आहे याचा विचार करत बसू नका. लगेच १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात, म्हणून सुरुवातीचा वेळ मोलाचा.

• 'अमुक साइट हॅक केली' असा दावा दिसला, तर आधी विचारा: डेटा गेला, सेवा बंद पडली, की नुसतं होमपेज बदललं? हॅक्टिव्हिस्ट गट आपलं काम फुगवून सांगतात, कारण त्यांना प्रसिद्धीच हवी असते.

• 'हा अमक्या देशाचा हल्ला' असं पहिल्याच दिवशी कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर थांबा. नॉटपेट्याचा अधिकृत ठपका यायला साडेसात महिने लागले होते.

• फोनचा अपडेट टाळू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने सुमारे १५० देशांत धुमाकूळ घातला. ज्या त्रुटीतून तो पसरला, तिचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ती त्रुटी वापरणारं हत्यार अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने बनवलेलं, ते फुटलं, आणि हल्ल्याचा ठपका आला उत्तर कोरियावर. एवढं सगळं आंतरराष्ट्रीय राजकारण, पण ज्यांनी तो अपडेट टाकला होता त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये त्याला त्या वाटेने शिरता आलं नाही.